स्टिअरिंगवरचा लाल नाडा

१

आग्रा रोडवरच्या निंबा मिस्त्रीच्या गॅरेजात ती ऑस्टिन उभी होती, पुढून जळलेली आणि मागून धडधाकट. बॉनेटवरचा निळा रंग फुगून सोलला होता, समोरची काच तडकली होती, आणि डिकी मात्र अशी चकचकीत की कुणी आत्ताच पुसून गेलं असावं. गाडी सत्तेचाळीस सालची, म्हणजे अडुसष्टच्या त्या दिवाळीत तिचं वय एकवीस. भडका उडाला तेव्हा तिच्या इंजिनावर वाकलेला भिकमचंद सव्वीस वर्षांचा होता. अंगात टेरिलीनचा बुशशर्ट, तो कातडीला चिकटला. धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात दोन रात्री काढून तो गेला.

हिलालराव सोनवणे जळगावहून एस.टी.ने आले ते त्यानंतर. ते मोटार निरीक्षक होते. अपघातातल्या गाड्या तपासायच्या आणि ब्रेक लागले होते की नव्हते, असा अभिप्राय लिहायचा, हे त्यांचं रोजचं काम. माणूस तसा तिरसट. समोरच्याने घाई केली की मुद्दाम चष्मा काढून पुसत बसायचे.

आणि फौजदारांनी घाईच केली. अभिप्राय त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता: मिस्त्रीने ठिणगीची वायर न काढता इंजिनाचा दाब तपासला, सबब गाडीने पेट घेतला. खाली सही तेवढी हवी होती. निंबा कोठडीत होता, मयताचं घर बाजारपेठेतलं नाव असलेलं होतं, आणि सगळं गाव निंबाच्या नावाने बोटं मोडत होतं. हिलालराव चष्मा पुसू लागले. फौजदारांनी ओळखायचं ते ओळखलं, आणि शालिग्राम जमादाराला त्यांच्या मागे लावून देऊन स्वतः मोकळे झाले.

आता हे दाब तपासणं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. इंजिनाच्या छातीत किती दम उरलाय ते पाहायचं असतं. इंजिन गरम असताना चारही प्लग काढतात, एकेका भोकात दाबाचं घड्याळ दाबून धरतात, आणि दुसरा माणूस सीटवर बसून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारतो. इंजिनाने नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. पण फिरताना ते उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकत असतं, आणि त्या वाफेला एक ठिणगी पुरते. म्हणून आधी कॉइलची बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळायची. काही शहाणे मधली जाड वायर उपटून तशीच लोंबकळत सोडतात. मग तिच्यातली ठिणगी जवळचं लोखंड शोधते, आणि ते तर फारच वाईट.

हिलालराव बॉनेटमध्ये वाकले. कॉइलवरच्या बारीक वायरीचा नट घट्ट होता. त्याच्यावर काजळीचा सलग थर होता, कुठे पान्याचा ओरखडा नाही. त्यांनी नट सोडवला, तर खालचं पितळ पिवळंधमक निघालं. म्हणजे आग लागली तेव्हा वायर जागेवरच होती, आणि नंतर कुणी हातचलाखी केलेली नव्हती. चारही प्लग आपापल्या वायरींसकट इंजिनावर आडवे पडले होते. आत किल्ली चालू होती. फौजदारांचा कागद इथपर्यंत अक्षर न् अक्षर खरा होता, आणि हिलालरावांना त्याचाच राग आला.

मग त्यांनी दार उघडून आत पाहिलं. स्टिअरिंगच्या कडेला लाल नाडा होता. आपल्या पूजेच्या नाडापुडीत असतो तोच, लाल-पिवळ्या सुताचा, धगीने काळवंडलेला.

शालिग्राम जमादार म्हणाले की खरा पुरावा तर तोच आहे. या गॅरेजाची रीतच तशी. ठिणगीची वायर काढून झाली की निंबा स्टिअरिंगला लाल नाडा बांधतो. नाडा दिसल्याशिवाय सीटवरचा माणूस स्टार्टरला हात लावत नाही. गॅरेजात चिंध्या दोन दिवसांत काळ्या होतात, म्हणून दसऱ्याच्या हत्यारपूजेतला उरलेला नाडा तो वर्षभर वापरतो.

"नाडा बांधला आन् वायर काढायची राहून गेली," जमादार म्हणाले. "एवढं कबूल करायचं सोडून तो म्हणतो, साहेब, मी नाडा बांधलाच नाही."

२

कोठडीत निंबा गुडघे जवळ घेऊन बसला होता. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. जळता शर्ट त्यानेच हातांनी ओढून काढला होता, हे जमादारांनी सांगितलं. तो स्वतः त्याबद्दल काही बोलला नाही.

त्याने सांगितलं ते असं. भिकमचंदशेठ सकाळी स्वतः गाडी हाकत आले. इंजिनात दम उरलाय की नाही, तेवढं पाहायचं होतं. निंबाने बॉनेट उघडून प्लग काढले. गाडीच्या आत त्याने डोकावलंसुद्धा नाही, त्याचं सगळं काम पुढे होतं. वायर काढणार, तर टेप संपलेली. मागे एकदा अशीच सोडलेली वायर बॉडीला टेकून जळली होती, तेव्हापासून टेपशिवाय तो वायर काढत नसे. म्हणून समोरच्या दुकानात टेप आणायला गेला. तो रस्ता ओलांडून परत येतो तोच भडका.

"मी वायर काढीच नई, मंग नाडा कसाले बांधसू?" तो म्हणाला. हेच वाक्य तो आल्यापासून सगळ्यांना सांगत होता, आणि आता त्याचा आवाजही त्याला कंटाळला होता.

हिलालरावांनी विचारलं की लोक तर पूजेला गाड्यांना नाडा बांधतातच, मग घोटाळा होत नाही का. निंबाने मान हलवली. दसरा झाला की आठ-दहा दिवस गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गाडीचा पूजेचा नाडा तो आधी सोडवून घेई. तेवढी अक्कल आपल्याला आहे, असं तो म्हणाला. आणि दसरा होऊन तर महिना होत आला होता, दिवाळीसुद्धा सरली होती.

हिलालरावांनी जमादारांकडून नाड्याचा तुकडा मागवला आणि कोठडीच्या गजाला बांधून दाखव म्हणाले. निंबाने पट्ट्यांतून बाहेर आलेल्या बोटांनी एकच फास घातला, एक शेपूट मोकळं सोडलं. हिलालरावांनी ते शेपूट ओढताच नाडा सुटून हातात आला. काम झाल्यावर एका झटक्यात निघायला हवा, म्हणून तसा. गाडीतला नाडा त्यांना आठवला. तो कडेवर वेढ्यावर वेढे घालून आवळलेला होता आणि टोकं आत खोचलेली होती.

बाहेर निंबाची बायको शेवंताबाई डबा घेऊन उभी होती. गॅरेजाला पोलिसांचं सील होतं, आणि आळीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. तिने साहेबांना हात जोडले नाहीत की रडली नाही. एवढंच विचारलं, "साहेब, मना माणूस घर कवय येई?"

कधी येईल, हे सांगणं हिलालरावांच्या हातात नव्हतं. फासाची गाठ आणि वेढ्याची गाठ यांतला फरक फौजदारांपुढे ठेवला तर ते हसून चहा मागवतील, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

३

नाडा निंबाने बांधला नसेल, तर स्टिअरिंगपाशी बसलेला माणूस राहिला. तो तोताराम, निंबाचा जोडीदार. आग विझल्यावर जो पळाला तो सोनगीरला बहिणीकडे जाऊन बसला होता. जमादार आणि हिलालराव दुपारच्या एस.टी.ने तिकडे गेले. वाटेत जमादारांनी आपलं गणित मांडलं: तोतारामाने नाडा न पाहताच स्टार्टर मारला, माणूस जळला, आणि मग स्वतःची मान सोडवायला गडबडीत नाडा बांधून टाकला.

हिलालराव म्हणाले, तसं नाही. त्यांनी नाडा थोडा सरकवून पाहिला होता. बाकी सगळ्या स्टिअरिंगवर काजळी होती आणि नाड्याखालची पट्टी मात्र स्वच्छ होती. आग लागली तेव्हा नाडा तिथे होताच. जमादारांचा चेहरा पडला. इतकं सोपं गणित हातचं गेलं.

किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या घरात तोताराम कणगीच्या आडोशाला बसला होता. मोठा दांडगा गडी, पण पोलीस पाहताच त्याची पाचावर धारण बसली. कुणी विचारण्याआधीच तो बोलू लागला.

तो एका ट्रकच्या खाली काम करत होता. भिकमचंदने हाक मारली की स्टार्टर मारायला ये. निंबा कुठे, असं त्याने विचारलं, तर शेठ म्हणाले, तो येईलच, तोवर एका सिलिंडरचं तरी पाहू. घड्याळ त्यांनी स्वतःच भोकात दाबून धरलं होतं. भारी हौस होती त्यांना इंजिनाची. तोताराम सीटवर बसला.

"लाल नाडा बांधेल व्हता, साहेब. मना डोयानी दखं. नाडा नसता तं मी हात लावता का?"

मग किल्ली कशाला फिरवली, हे हिलालरावांनी विचारलं. या गाडीचा स्टार्टर किल्लीवाचूनही फिरतो. नुसती खुंटी ओढली असती तरी इंजिन फिरलं असतं. तोतारामाने आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलं. हाताची सवय, म्हणाला. आधी किल्ली, मग खुंटी. वायर काढलेली असली की किल्लीने काही बिघडत नाही. आणि वायर काढलेली आहे, असं नाडा सांगत होता.

खरं बोलत होता. हिलालरावांचं जन्मभराचं काम खोटं बोलणाऱ्या ड्रायव्हरांशी पडलेलं; खऱ्याची त्यांना चटकन ओळख पटे. पण मग निंबाही खरा आणि तोतारामही खरा. आणि दोघं खरे असतील तर तो नाडा कुणी बांधला?

निघताना तोतारामाने आणखी एक सांगितलं. भिकमचंद एकटा आला नव्हता. थोरला भाऊ गौतमचंद बरोबर होता. गॅरेजात आल्यावर भिकमचंद खाली उतरला, आणि गौतमचंद मात्र गाडीतच बसून राहिला. मग दोघांची चांगलीच जुंपली आणि थोरला रागाने पायी निघून गेला.

परतीच्या एस.टी.त जमादार एकदम ताठ बसले होते. त्या घराच्या गाड्या वर्षानुवर्षं निंबाकडेच येत. नाड्याची रीत गौतमचंदला ठाऊक नसेल, असं होणंच शक्य नव्हतं.

४

गौतमचंदचं सरकी-पेंडीचं दुकान बाजारपेठेत, आणि घर त्याच्याच मागे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं गेले तेव्हा सुतकामुळे फळ्या अर्ध्याच उघड्या होत्या. आत पेंडीचा कडसर वास, गादीवर पांढरी चादर, आणि तिच्यावर गौतमचंद. पस्तिशीचा माणूस, पण दाढी वाढून पन्नाशीचा दिसत होता. मोठ्या तराजूच्या दांडीला, टेलिफोनला, तिजोरीच्या कड्याला पाडव्याच्या पूजेचं कुंकू अजून तसंच होतं.

त्याने पाणी मागवलं आणि सरळ विषयाला हात घातला. गाडी वडिलांच्या वेळची. इंजिन संपलं, विकून टाकू, असं त्याचं म्हणणं. इंजिनात अजून दम आहे, असं धाकट्याचं. दिवाळीभर हीच कटकट. शेवटी भिकमचंद म्हणाला, निंबाकडे दाब पाहू, घड्याळ सांगेल ते खरं. गॅरेजात पुन्हा तोंडाला तोंड लागलं आणि तो निघून आला. भावाशी शेवटचं जे बोललो ते शिवीच होती, एवढं सांगून तो थांबला. मग म्हणाला की फौजदारसाहेबांनी कागद तयार ठेवलाय असं ऐकतो, निरीक्षकसाहेबांनी सही करून टाकावी आणि हे संपवावं.

हिलालरावांनी खिशातून रुमाल काढला. जळक्या गाडीतला नाडा त्यांनी कापून त्यात ठेवला होता. त्यांनी तो गादीवर मांडला आणि सांगितलं की हा निंबाने बांधलेला नाही, तोतारामानेही नाही. तिसऱ्या कुणीतरी बांधला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून स्टार्टर मारला गेला.

गौतमचंदने नाड्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. नवी वस्तू पाहणारा माणूस तिला निरखतो. हा नाडा त्याने आधी पाहिलेला होता.

"मी बांधला," तो म्हणाला. "लिहून घ्या. मीच बांधला."

जमादारांच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. भांडण झालेलं, नाड्याची रीत ठाऊक असलेली, गाडीत एकटाच बसलेला, आणि आता आपल्या तोंडाने कबुली. फौजदार कालपर्यंत हलगर्जी म्हणत होते, आज त्याला खून म्हणतील.

५

हिलालरावांनी मात्र चष्मा काढला. पुसून झाल्यावर त्यांनी तराजूच्या दांडीकडे बोट केलं. कुंकवाच्या बाजूला तिथे लाल नाडा होता, वेढ्यावर वेढे, घट्ट आवळलेला, टोकं आत खोचलेली. टेलिफोनला तसाच. तिजोरीच्या कड्याला तसाच. मधल्या दारातून आतलं शिवणयंत्र दिसत होतं, त्याच्या चाकालाही तसाच.

त्यांनी जमादारांजवळचा नाड्याचा तुकडा गौतमचंदपुढे ठेवला आणि जमादारांच्या काठीला बांधायला सांगितलं. गौतमचंदने दोन गाठी मारल्या, पिशवीचं तोंड बांधतात तशा. वेढे घालण्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"शेठ, तुम्ही बांधला नाही," हिलालराव म्हणाले. "हे सगळे नाडे एकाच हाताचे आहेत, आणि तो हात बाईमाणसाचा आहे."

मग त्यांनी सगळं जुळवून सांगितलं. निंबाला दसरा माहीत होता. दसऱ्यानंतर तो येणाऱ्या गाड्यांचे पूजेचे नाडे सोडवून घेई आणि मग वर्षभर निर्धास्त राही. पण व्यापाऱ्यांचं वर्ष बदलतं ते दिवाळीच्या पाडव्याला. तेव्हा या घरात तराजूपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते आणि सगळ्यांना नाडा बांधला जातो, तसा गाडीलाही बांधला गेला. गाडी तपासताना सीटच्या फटीत त्यांना पूजेच्या अक्षतांचे दोन दाणे सापडले होते. भिकमचंदला त्या नाड्याचं काही वाटलं नाही, तो घरचाच होता; प्लग निघालेले पाहून वायरही निघाली असेल, असं त्याने धरलं. निंबाने आत पाहिलं नाही, त्याचं काम पुढे होतं. तोतारामाने पाहिला, आणि त्याच्या लेखी लाल नाड्याचा अर्थ एकच.

कुणी खून केला नव्हता. कुणी हयगयही केली नव्हती. टेप आणायला जाणारा निंबा तर जास्तीचीच काळजी घेत होता.

गौतमचंद कितीतरी वेळ चादरीची घडी सारखी करत राहिला. आगीची बातमी लागताच तो गॅरेजात धावत गेला होता. भावाला टांग्यात घालताना उघड्या दारातून त्याला स्टिअरिंग दिसलं, आणि त्यावरचा तो नाडा. तेव्हापासून तो हे एकटा गिळून बसला होता. त्याच्या आईनेच, धापूबाईने, पोराला काही होऊ नये म्हणून तो नाडा बांधला होता.

"निंबाला फार तर वर्षभराची सजा होईल," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या घराकडे मी पाहीन, पोटाला कमी पडू देणार नाही. पण आईला हे कळलं तर तिला कुठून सोडवून आणायचं, सांगा तुम्ही."

 हिलालरावांना डबा घेऊन उभी शेवंताबाई आठवली. तिचा माणूस अजून कोठडीतच होता. मग मी बांधला असंच लिहा ना, असं गौतमचंद पुन्हा म्हणाला. पूजा मी केली म्हणेन, निंबाही सुटेल. पण जमादारांनीच मान हलवली. भांडण तोतारामाने ऐकलेलं, पूजेतल्या गाठी बायकांच्या, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक. कोर्टात पहिल्या प्रश्नाला ते उघडं पडेल आणि मग फौजदार हेतू शोधतील. निंबाच्या जागी फासाच्या वाटेला हा लागेल. तराजूला नाडा कुणी बांधला ते सांगायला शेवटी आईलाच बोलवावं लागेल.

सत्य हाती आलं होतं आणि त्याचं काय करावं ते तिघांनाही कळत नव्हतं. तेवढ्यात मधल्या दाराचा पडदा हलला आणि आतून धापूबाईंनी विचारलं की मोटारवाले साहेब तेच का.

६

धापूबाई बाहेर आल्या, दाराच्या आत पाट घेऊन बसल्या. पांढऱ्या ओढणीचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला. त्यांनी काही ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, आणि घरातलं कुणी सांगत नव्हतं, म्हणून त्या परक्या माणसापुढे आल्या होत्या.

"साहेब, गाडीच्या चाकाला मी नाडा बांधला होता पाडव्याला. तो जळला की राहिला?"

गौतमचंदने डोळे मिटून घेतले. हिलालराव म्हणाले, "राहिला, माँजी. थोडा काळा पडला, पण राहिला."

ते ऐकून धापूबाईंच्या तोंडावर जे आलं त्याला समाधान म्हणावं लागेल, आणि ते पाहणं फार कठीण होतं. त्या म्हणाल्या, वाटलंच मला. इतकी आग, आणि पोरगा माझ्यासाठी दोन रात्री थांबला. बोलता येत नव्हतं त्याला, पण माझा हात धरून होता. नाड्यानेच तेवढा वेळ दिला.

जमादारांनी हिलालरावांकडे पाहिलं. हेच, एवढंच लिहून घेतलं की काम होत होतं. म्हातारीने आपण होऊन सांगितलं होतं. सही घेतली असती तर तिला काही न कळता निंबा घरी गेला असता. निदान खटला उभा राहीपर्यंत तरी तिला कळलं नसतं. हिलालरावांनी तोही विचार केला. माणूस म्हणून केला, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

ते म्हणाले की माँजी, तुम्ही आत्ता जे सांगितलं ते जमादार लिहून घेतील, सही करा. जमादारांनी लिहिलं. धापूबाईंनी टाक हातात घेतला. मग थांबल्या.

"कशाला लागतो हा कागद?"

 त्यांनी हिलालरावांकडे पाहिलं, मग जमादारांकडे, आणि शेवटी गौतमचंदकडे पाहिलं ते पाहतच राहिल्या. आईला पोराचा चेहरा वाचायला किती वेळ लागतो?

"नाड्याचं काय झालं, साहेब? खरं सांगा."

हिलालरावांना खोटं सुचलं असतं. पण समोरची बाई वाट पाहत होती, आणि तिला फसवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नव्हता. त्यांनी सांगितलं. गॅरेजात लाल नाड्याचा अर्थ काय, तो पाहून तोतारामाने काय केलं, वायर का राहिली. चार वाक्यांत संपलं. त्यांच्या नोकरीत इतकं लहान आणि इतकं अवघड बोलण्याची वेळ त्यांच्यावर दुसऱ्यांदा आली नाही.

धापूबाई रडल्या नाहीत. हातातल्या टाकाकडे बघत बसल्या. बाहेर बैलगाडी थांबली, कुणीतरी पेंड आहे का विचारलं आणि अर्ध्या फळ्या पाहून निघून गेलं. मग त्यांनी कागद ओढला आणि एकेक अक्षर काढत सही केली.

"त्या मिस्त्रीला सोडा," त्या म्हणाल्या. "त्याच्या बायकोला मी तळतळून शाप दिलेत, हॉस्पिटलच्या दारात. ते आता परत कसे घेऊ?"

हिलालराव उठले.  जमादारांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळपर्यंत फौजदारांना आपला लिहून ठेवलेला अभिप्राय फाडावा लागणार होता, निंबा घरी जाणार होता, आणि गावाला बोटं मोडायला कुणी उरणार नव्हतं.

ते पायऱ्या उतरत असताना मागून धापूबाईंचा आवाज आला. त्या गौतमचंदशी बोलत होत्या.

"तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

तो हो म्हणाला असावा.

"म्हणून तू जेवत नव्हतास होय," त्या म्हणाल्या. "आणि मी तुझ्यावर चिडत होते, ताट तसंच टाकतोस म्हणून."

जळगावच्या एस.टी.त हिलालरावांना खिडकीची जागा मिळाली. पारोळ्यापर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं, आणि त्यांना सारखं वाटत राहिलं की कुणीतरी खून केला असता तर फार बरं झालं असतं.